बोटीची सफर आणि घरचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात कामथडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. बोटीच्या सफरीत, म्हणजे हल्ली जिला 'क्रूझ' म्हणतात त्या जलपर्यटनात, पैसे कसे वाचवावेत हा तो विषय. तो जाहीर होताच मागच्या बाजूस जे हसू पिकले ते आम्हांस येथवर ऐकू आले. हसणाऱ्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. कामथडीच्या शिवारातून हमरस्त्यावरच्या मोटारी दिसतात, पश्चिमेस राजगड-तोरण्याच्या रांगा आहेत, पण समुद्र येथून कोणास दिसलेला नाही. तो पाहावयाचा तर भोरवरून वरंध घाट उतरून महाडची वाट धरावी, नाही तर मुंबई गाठावी. असे असले तरी गेल्या दोन वर्षांत आपल्यातील निदान सहा-सात कुटुंबांनी या सफरीची चौकशी आमच्याकडे केली, आणि त्यांपैकी दोघांनी ती पैसे भरून झाल्यावर केली. पैसे भरल्यावर विचारलेल्या प्रश्नास आमच्यापाशी फारसे उत्तर नसते. म्हणून आज बोलत आहो.

आरंभी थोडे विषयांतर घडते त्याबद्दल क्षमा असावी. समुद्र ओलांडणे हाच एके काळी ज्ञातिसंस्थांपुढचा वादविषय होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या तेव्हा केवढा गहजब झाला हे आपण जाणताच. परदेशगमन केलेल्यास पंक्तीस घ्यावे की न घ्यावे, त्याने प्रायश्चित्त कोणते घ्यावे, यावर त्या काळी कागदांचे ढीग खर्ची पडले. आज त्याच जातीच्या सभेत बोटीचे भाडे कमी कसे पडेल याची चर्चा होत आहे. ज्यांना काळ बदलल्याचे दुःख वाटते त्यांनी एवढ्यापुरते तरी समाधान मानावे.

आपल्याकडे बोटीचा प्रवास नवा नाही. कोकणातल्या आपल्या आप्तांच्या दोन-तीन पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जा-ये करीत. डेकवर वळकटी पसरावयाची, बरोबरची भाकरी-चटणी सोडावयाची, आणि पहाटे बंदर आले की पडावात उतरावयाचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, त्या आठवणीने आजही कोकणातले वृद्ध गप्प होतात. पुढे रस्ते झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि ती बोटसेवा त्याच्याही आधी मावळली होती. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, पण तीही टिकली नाही. त्यानंतर २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेले मोठे जहाज गोवा, लक्षद्वीप अशा सफरींवर निघू लागले. बॅलार्ड पिअरवर अशा जहाजांसाठी नवे स्थानकही बांधले गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

जुन्या बोटीचा आणि या सफरीचा फरक ध्यानी घेतल्यावाचून पुढचे सारे व्यर्थ आहे. जुनी बोट आपणांस गावी पोहोचवीत असे; भाडे दिले की व्यवहार संपला. ही बोट कोठे पोहोचविण्यासाठी नसतेच. दीड हजारांहून अधिक उतारू घेऊन ती समुद्रात फिरते आणि निघाली तेथेच परत येते. तिकीट हे येथे नुसते दार उघडण्याचे शुल्क होय. कंपनीचा पुष्कळसा नफा दार उघडल्यानंतरच्या खर्चात असतो. हे तिकीट किती स्वस्त मिळाले याची बढाई मारणारे पुष्कळ भेटतात. परत आल्यावर एकंदर किती गेले हे सांगणारा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. आमच्या कुटुंबातील अकरा माणसांनी ही सफर करावयाचे ठरविले. चार जोडपी, कॉलेजात शिकणाऱ्या दोन पुतण्या आणि आमच्या आत्याबाई. आत्याबाईंचे वय ७४. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे कैलासवासी मामा, मुंबईस गोदीत कामास होते. आपल्या भोर-वेल्ह्याकडच्या अनेक घरांप्रमाणे ते मुंबईस आणि आत्या गावी शेत सांभाळीत, असा त्यांचा संसार झाला. मामा वर्षातून दोनदा येत, आणि आले की बोटींची वर्णने करीत. आत्याबाई नेहमी म्हणत, "त्यांनी जन्मभर बोटी भरल्या नि रिकाम्या केल्या, पण बोट सुटली की हे आपले धक्क्यावरच."

खोल्यांची वाटणी करू लागलो तो अडचण उभी राहिली. जाहिरातीतले भाडे माणशी असते खरे, परंतु ते एका खोलीत दोघे राहतील असे धरून सांगितलेले असते. एकटा माणूस खोली घेईल तर त्याजकडून बहुधा दोघांचे, निदान दीडपट तरी भाडे घेतात. चार जोडप्यांच्या चार खोल्या, दोन मुलींची पाचवी, आणि आत्याबाई सहाव्या खोलीत एकट्या! त्यांचे भाडे आम्हां कोणाही एकाच्या दुप्पट येऊ लागले. आमच्या बैठकीत मग जे बोलणे झाले ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. "आत्याला बोट लागेल," "या वयात दगदग कशाला," असे एकेक जण म्हणू लागला. कोणी पैशाचे नाव काढले नाही, परंतु सर्वांच्या मनात तेच होते, आणि आमच्याही. आत्याबाईंनी ते ओळखले. त्या म्हणाल्या, "मला नका धरू हिशेबात. मी घरी थांबते. म्हशीला कोणी तरी पाहायला हवंच की." म्हैस आमच्याकडे गेली चार वर्षे नाही.

त्या रात्री आम्ही दरपत्रक पुन्हा वाचावयास घेतले, आणि तेव्हा प्रथमच नीट वाचले. अनेक खोल्यांत तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी वरच्या बाजूस भिंतीत दुमडून ठेवलेला बिछाना असतो. त्या तिसऱ्या माणसाचे भाडे पहिल्या दोघांपेक्षा पुष्कळ कमी असते. मुलींच्या खोलीत आत्याबाईंना खालची खाट दिली, धाकट्या पुतणीस शिडी चढून वर झोपविले. सहाच्या पाच खोल्या झाल्या आणि जी व्यक्ती सर्वांत महाग पडत होती ती सर्वांत स्वस्त पडली. मात्र अशा तिघा-चौघांच्या खोल्या जहाजावर मोजक्या असतात आणि त्या आधी संपतात. घरात विधवा आत्या, अविवाहित काका, एकटी राहिलेली आजी असे कोणी असेल तर त्याची जागा प्रथम ठरवा आणि जोडप्यांची मागाहून. आम्ही उलटे केले, म्हणून आत्याबाईंना म्हशीचे निमित्त काढावे लागले.

खोलीचाच विषय निघाला आहे तर तो पुरा करू. खोल्या साधारणतः चार प्रकारच्या: बिनखिडकीची आतली, खिडकीची, सज्जाची, आणि दिवाणखान्यासह मोठी. आमच्या मेहुण्यांचा आग्रह सज्जाचा होता. आम्ही विचारले, आपण दोन रात्री जाणार, दिवसभर वरच्या मोकळ्या डेकवर बसणार, तेथला समुद्र सर्वांस सारखाच आहे. मग झोपण्यासाठी सज्जा कशास? आतली खोली घेतली. तिच्यात एक दोष खरा, सकाळ झालेली कळत नाही. आमचे थोरले बंधू नऊ वाजेपर्यंत घोरत पडले ते आयुष्यात प्रथमच. आणखी एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. जहाज हलते ते टोकांकडे आणि वरच्या मजल्यांवर अधिक. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर सर्वांत कमी. ज्यांना बोट लागण्याची भीती त्यांनी खालची, मधली खोली मागावी. म्हणजे जी खोली पोटास मानवते तीच बहुधा खिशासही मानवते, असा योग प्रवासात क्वचितच येतो. ज्यांना कोंडल्यासारखे होते, अंधाऱ्या खोलीत धडधडते, त्यांनी मात्र काटकसर बाजूस ठेवून खिडकी घ्यावी.

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षात दर रोज बदलतात. समजा, दोन रात्रींच्या सफरीचे जाहिरातीतले भाडे माणशी १८,००० रुपये आहे. नवरा-बायकोचे ३६,००० झाले. त्यावर बंदर-शुल्क, कर आणि सेवाशुल्क असते. ते माणशी ५,००० धरा, म्हणजे ४६,०००. कामथडीहून मुंबई आणि परत, सामानासह, ४,०००. गोव्यात एक दिवस उतरून फिरण्याचे ३,०००. बोटीवरचे किरकोळ म्हणून ज्याला आपण म्हणतो, आणि जे कधी किरकोळ नसते, ते ५,०००. बेरीज ५८,०००. जाहिरातीवरून माणशी एका रात्रीचे ९,००० वाटले होते, ते वहीत १४,५०० निघाले. जाहिरात खोटी नाही. तिने हिशेब धक्क्यापासून धक्क्यापर्यंत केला. आपण तो घरच्या उंबऱ्यापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत करावयास हवा. कोणतीही सफर ठरविताना हा दुसरा आकडा काढल्यावाचून कोणास होकार देऊ नये, मुलांना तर मुळीच देऊ नये; कारण मुलांना दिलेला होकार मागे घेता येत नाही.

हे ५८,००० आणावयाचे कोठून? आपल्या समाजातील एका तरुण जोडप्याने पाटल्या गहाण ठेवून सफर केल्याचे आमच्या कानी आहे. हल्ली क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी सहल घेण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी असते. आमचे मत जुनाट वाटेल, तरी सांगतो. लग्न, दुखणे, विहीर, मुलांचे शिक्षण यांसाठी कर्ज काढावे लागले तर आपण एकमेकांस समजून घेतो. दोन रात्रींच्या मौजेसाठी काढू नये. ५८,००० ला २० महिन्यांनी भागले तर महिन्यास २,९०० पडतात. आम्ही बँकेत तेवढ्याच मुदतीची आवर्ती ठेव उघडली. आमच्या वहिनींनी महिलांच्या भिशीतून भरले. २० महिने वाट पाहण्यात एक फायदा असाही झाला की घरात त्या सफरीविषयी बोलणे झाले, आणि निम्मी मौज त्या बोलण्यात होती. एका बंधूंना मात्र मधेच ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी ठेव मोडावी लागली. त्यांचे आम्ही सर्वांनी मिळून भागविले आणि ते भाताच्या पैशातून त्यांनी फेडले.

केव्हा जावे? पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे या सफरींचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. त्यातही दिवाळी, नाताळ, वर्षअखेर आणि मे महिन्याची सुटी या काळात भाडे चढते. शनिवार-रविवार जोडून येतील तेव्हाही चढते. शहरातल्या नोकरदारांस त्याच तारखांना जावे लागते. आपणां शेतकऱ्यांचे तसे नाही. भात झोडून झाले, रब्बी मार्गी लागली, आणि लग्नसराईला अवकाश आहे, अशा जानेवारी-फेब्रुवारीत मधल्या वारी निघणारी बोट पकडावी. शेती करणाऱ्यास पैशाची चणचण शहरवाल्यापेक्षा अधिक असेल, परंतु तारखा निवडण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी आहे, आणि या एका व्यवहारात तारीख म्हणजे पैसाच होय.

आरक्षणाच्या बाबतीत आम्ही ठेच खाल्ली ती सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंनी पूर्वी एकदा एका मध्यस्थाकडे २२,००० रुपये अनामत भरली. पावती मिळाली ती त्याच्याच कोऱ्या कागदावर, हाताने लिहिलेली. महिनाभराने कंपनीकडे विचारता त्यांच्या नावाचे आरक्षणच नव्हते. वर्षभर खेटे घालून निम्मे पैसे परत आले. बाकीच्यांस आम्ही अनुभवाची फी समजतो. तेव्हापासूनचा नियम असा की पैसे भरल्या दिवशी कंपनीचा आरक्षण-क्रमांक हाती यावा, तो कंपनीच्या कचेरीस स्वतः दूरध्वनी करून पडताळावा, आणि पैसे रोख देऊ नयेत. मध्यस्थ सारेच वाईट असे नव्हे. चांगला मध्यस्थ वृद्धांसाठी योग्य खोली मिळवून देतो, आणि पुष्कळदा त्याचा दर कंपनीपेक्षा अधिक नसतो. रद्द करण्याचे नियमही आधी वाचावेत. निघण्याची तारीख जवळ येईल तसतशी कापून जाणारी रक्कम वाढते आणि अखेरच्या दिवसांत काहीच परत मिळत नाही. घरात कोणी फार आजारी असेल तर प्रवासविमा उतरवावा. गरोदर सुनेस न्यावयाचे असेल तर बहुतेक कंपन्या साधारण चोविसाव्या आठवड्यापुढे बोटीवर घेत नाहीत, हे तिकिटापूर्वीच विचारून घ्यावे.

समूहाने गेल्यास सवलत मिळते काय, असे कार्यवाहांनी मुद्दाम विचारण्यास सांगितले होते. मिळते. अनेक कंपन्या आठ किंवा अधिक खोल्या एकदम घेतल्यास त्यास समूह समजतात आणि भाड्यात सूट किंवा एखादी जागा मोफत देतात. मंडळाने अशी सफर काढावी असा विचार असेल तर आमची हरकत नाही. परंतु पैसे मंडळाच्या खात्यात धनादेशाने यावेत, आणि मोफत मिळणारी जागा कोणास द्यावयाची हे आधी ठरवावे. ती अध्यक्षांस जाऊ नये एवढे आम्ही अध्यक्षांच्या समोरच म्हणतो. ते हसत आहेत, तेव्हा त्यांची संमती दिसते.

आता मुंबईस जाण्याविषयी. बोट संध्याकाळी सुटते म्हणून सकाळी घरून निघावे, असा मोह होतो. स्थानकाचे दार मात्र बोट सुटण्याच्या पुष्कळ आधी बंद होते आणि बोट कोणासाठी थांबत नाही. आम्ही रांगेत असताना एक कुटुंब धावत आले. त्यांची मोटार खंडाळ्याच्या घाटात अडकली होती. दार बंद झाले होते. लहान मुलगी रंगीत टोपी घालून तयार होती, ती तशीच कठड्याला धरून उभी राहिली. त्यांचे किती हजार गेले हे आम्ही विचारले नाही. म्हणून आदल्या दिवशीच निघावे. आम्ही एस. टी. ने स्वारगेट, तेथून पुणे स्टेशन आणि आगगाडीने मुंबई असे गेलो, परळास मेहुण्यांच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून थोड्याच अंतरावरच्या बॅलार्ड पिअरला टॅक्सीने पोहोचलो. मोटार ठेवण्याचा खर्च वाचला, टोल वाचला, आणि मेहुण्यांकडे जाण्याचे निमित्तही झाले. मुंबईत आप्त असणे ही आपल्या समाजाची जुनी ठेव आहे. तिचा उपयोग करताना दोन किलो इंद्रायणी न्यावा.

सामान धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि खोलीत ते काही तासांनी येते. तेव्हा औषधे, चष्मा, ओळखपत्र, एक स्वेटर हे हातातल्या पिशवीत ठेवावे. देशातल्या सफरीस सरकारी ओळखपत्र चालते. लक्षद्वीपला उतरावयाचे तर प्रवेशपरवाना लागतो, तो कोण काढणार हे आधी विचारावे. घरचे शिजवलेले अन्न, इस्त्री, पाणी तापविण्याची किटली वगैरे बहुधा नेऊ देत नाहीत. आमच्या वहिनींचे लाडू तपासणीत अडकले. ते तेथेच धक्क्यावरच्या हमालांत वाटले.

बोटीवर चढल्यावर प्रत्येकास एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली आणि तेच उधारीचे खाते. रोख पैसे मोजावे लागत नाहीत यातच गोम आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानी मुलांना वही घेऊन पाठविले की महिनाअखेर काय होते ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. आम्ही पहिल्याच संध्याकाळी स्वागतकक्षात जाऊन मुलींच्या कार्डास मर्यादा घालून घेतली आणि रोज रात्री आमच्या खात्याची यादी मागविली. दुसऱ्या रात्री तीत आमचे नसलेले दोन सरबतांचे पैसे आढळले. सांगताच काढून टाकले. उतरण्याच्या सकाळी रांगेत उभे राहून हेच सांगणे जमले नसते.

मुख्य भोजनगृहातले चारही वेळचे खाणे भाड्यात असते, शाकाहारी भोजन भरपूर असते आणि बहुतेक ठिकाणी जैन पंक्तीचीही सोय असते. निराळी छोटी उपाहारगृहे, शीतपेये, मद्य, मालिश, जुगाराची दालने हे सारे वेगळ्या पैशाचे. छायाचित्रकार हौसेने छायाचित्रे काढतात. काढून घेण्यास पैसे पडत नाहीत, विकत घेण्यास पडतात. नाटके, जादूचे प्रयोग, गाणी ही बहुधा भाड्यातच असतात. भ्रमणध्वनी मात्र किनारा सुटताच विमानातल्याप्रमाणे बंद स्थितीत ठेवावा. भर समुद्रात तो उपग्रहामार्गे जहाजाच्या जाळ्याला आपोआप जोडला जातो आणि त्याचा दर परदेशातल्यासारखा, किंबहुना अधिक असतो. नातवंडांची चित्रफीत पाहण्याच्या नादात एका सहप्रवाशास कित्येक हजारांचे बिल आले.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी शहरातल्या फीच्या कितीतरी पट असते. बोट लागू नये म्हणून आपल्या डॉक्टरांस विचारून गोळ्या आधीच न्याव्यात आणि त्या मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्याव्यात. आल्याचा तुकडा आम्हांस मानवला. मळमळले तर खोलीत पडून राहू नये, वर येऊन क्षितिजाकडे पाहावे.

गोव्यास जहाज मुरगाव बंदरात लागते. तेथून पणजी सुमारे ३० किलोमीटर. जहाजावरून ज्या सहली विकतात त्या सोयीच्या खऱ्या, पण माणशी दर असतो. आम्ही अकरा जणांनी बंदराबाहेर एक मोठी गाडी दिवसभरासाठी ठरविली. जुने गोवे आणि मंगेशी पाहून, जेवून, परत येईतो खर्च जहाजाच्या सहलीच्या निम्म्याहून कमी आला. मात्र जहाजाच्या सहलीस उशीर झाला तर जहाज बहुधा तिची वाट पाहते. आपल्या गाडीसाठी थांबत नाही. आम्ही दोन तास हातचे राखून परतलो. दोघे-तिघेच जाणार असाल तर हा धोका पत्करू नये असे आमचे मत आहे.

परदेशी बंदरांच्या सफरींविषयी थोडक्यात. त्यांस पारपत्र लागते, कोठे व्हिसाही लागतो, आणि विमानाचे भाडे बोटीच्या भाड्याहून अधिक होऊ शकते. शिवाय परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी उगमस्थानीच कर गोळा करते. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. तो पैसा बुडत नाही, आपल्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. विवरणपत्रच न भरणाऱ्यांचा तो तेथेच पडून राहतो, आणि आपल्यात असे पुष्कळ आहेत.

ज्यांना हा सर्व खर्च पेलणार नाही, किंवा समुद्र आपल्याला मानवतो की नाही याचीच शंका आहे, त्यांनी आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घ्यावी. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. साधारण तासाभराचा प्रवास आहे आणि भाडे शेकड्यांत आहे, हजारांत नाही. सकाळी जाऊन अलिबाग पाहून संध्याकाळी परतता येते. आमच्या आत्याबाईंना आम्ही प्रथम तिकडेच नेले होते. त्या वाटभर कठड्याशी उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत, आणि मांडवा आल्यावर "एवढ्यात आलं?" असे म्हणाल्या. तेव्हा आम्हांस कळले की यांना बोट लागत नाही.

बॅलार्ड पिअरवरून जहाज सुटले तेव्हा सारे जण वरच्या डेकवर पाठीमागच्या बाजूस गेले होते. संगीत मोठ्याने चालू होते. आत्याबाईंनी धाकट्या पुतणीस विचारून इंदिरा गोदी कोणत्या बाजूस ते पाहून घेतले आणि तिकडे तोंड करून त्या बसल्या. दिवे लागेपर्यंत त्यांना कोणी उठविले नाही.

आमच्या सफरीची खर्चाची वही आम्ही बरोबर आणली आहे. तीत खोलीवार भाडे, बंदर-शुल्क, प्रवास, गोव्याची गाडी आणि बोटीवरची किरकोळ नोंद असे सारे आहे. चहापानाच्या वेळी ती कार्यवाहांच्या टेबलावर ठेवू. ज्यांना उतरवून घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे. वही मात्र घरी नेऊ नये. आत्याबाईंना ती परत हवी आहे, कारण शेवटच्या पानावर त्यांनी पुढल्या सफरीसाठी आपल्या नावाचा पहिला हप्ता लिहून ठेवला आहे.